त्यांच्या डोळ्याला लावलेली दुर्बीण

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘वहिनी, लगेच या,’ एवढंच यांच्या वर्कशॉपमधून कुणीतरी म्हणालं. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... हार्ट अटॅक. घरी परतल्यावर मी तीच मेथी पुन्हा पुढ्यात घेतली, शेवटी जाऊबाईंनी ती उचलून नेली. रडू अजून आलेलं नाही.

आमचे हे लातूरकडचे, चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये मशीनची मापं लावून देणारे सेटर. सेटिंग लागलेल्या मशीनला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा तिथला कायदा त्यांनी घरातही आणला होता. पंख्याचा रेग्युलेटर, इस्त्री, माझं शिलाई मशीनसुद्धा यांच्या ताब्यात. ‘मी काय तुमची हेल्पर आहे का?’ असं मी चिडवायचे. त्यावर नुसते हसायचे.

धूमकेतू दिसतोय असं कळल्यावर यांनी जुन्या बाजारातून दुर्बीण आणली. आमच्याकडे होर्डिंगच्या आणि कंपन्यांच्या शेडच्या दिव्यांपुढे चांदण्याही धड दिसत नाहीत. ‘गुरुवारी बघू. कंपन्या बंद असतेत, आभाळ जरा काळं राहतंय,’ ते म्हणाले. गुरुवारी दिवस मावळल्यावर आम्ही दोघं गच्चीवर गेलो. बऱ्याच वेळानं, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांना तो सापडला. ‘अगं, शेपूट हाय बघ!’ असं आनंदलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली, तर सगळं धुरकट. फोकसच्या चाकाकडे बोट नेलं, तोच म्हणाले, ‘थांब, मी लावून देतो.’ एवढ्यात धूमकेतू समोरच्या टॉवरमागे गेला. ‘असू दे. पुढच्या गुरुवारी आधी तुझ्या डोळ्याला लावू.’ मंगळवारी ते गेले.

त्या गुरुवारी घर पाहुण्यांनी भरलं होतं. वाळत घातलेले कपडे आणते असं सांगून मी दुर्बीण घेऊन वर गेले. डोळ्याला लावली, तर पाण्याच्या टाकीच्या वर एक धुरकट ठिपका होता. चाक जरासं फिरवलं असतं तर शेपूटही दिसलं असतं. मला बघायचं होतं, अगदी मनापासून. बोट चाकावर ठेवलं... आणि काढून घेतलं. कपडे घेऊन खाली आले.

आता धूमकेतू गेला. दुर्बीण दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. धूळ बसली की मी ती पुसते, चाक तेवढं सोडून. परवा जाऊबाईंनी ती डोळ्याला लावून पाहिली.

‘अगं, यातून काही नीट दिसतच नाही. तुला दिसतं का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘त्यांना दिसायचं.’