चालू मशीन हलवताना

नववीत शाळा सोडली तेव्हा आपल्याला कधी कोणी खुर्चीवर बसवून पगार देईल असं मला वाटलं नव्हतं. भिलाईत आलो तो एसीच्या जाळ्या धुणाऱ्या ठेकेदारासोबत. पावर हाउस भागातल्या बाजारात एका कपड्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यात सर्व्हर होते, आणि शहरातल्या काही खासगी दवाखान्यांचं कामकाज त्यांच्यावर चालायचं. तिथं काम बघणाऱ्या बाईंनी मी जाळी बसवून निघताना विचारलं, "इंग्रजी अक्षरं ओळखतो का?" मी हो म्हटलं. "मग जाऊन कावून राहिला? बस."

एवढ्यावर नोकरी लागली. त्यांना मी त्या दिवसापासून ताई म्हणतो. अकोल्याच्या पलीकडे माझं गाव, तिथून आई फोन करते तेव्हा माझ्या जेवणाच्या आधी विचारते, "ती ताई बरी हाय न?"

ताई बरी नव्हती. हिवाळ्यात एकदा सर्व्हर बंद पडला होता आणि मालकानं, ज्याला सगळे सेठ म्हणत, माझ्यासमोर तिला सांगितलं होतं, "और एक बार बंद हुआ, तो आप घर बैठिए." घरी बसणं ताईला परवडणारं नव्हतं. सेक्टर 2 मधल्या क्वार्टरमध्ये तिची आई अंथरुणाला खिळलेली, वडील स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, त्यांच्या हातात आता जोर नाही. तिच्या कामाची दुसरी जागा भिलाईत नव्हती. "हैदराबादले जावं लागन," ती म्हणाली होती, "अन् आईले कूस कोण बदलून देईन?" तेव्हापासून फोन वाजला की मी आधी सर्व्हरच्या दिव्यांकडे बघायचो.

मे महिन्यात जुन्या सर्व्हरचा एक पंखा मेला. दुसरा घरघरू लागला. सगळ्यात मोठ्या दवाखान्याचं मशीन त्याच सर्व्हरवर होतं. मशीन म्हणजे वेगळा डबा नव्हे. एका सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला अख्खा संगणक, व्हर्च्युअल मशीन. ते बंद न करता, चालता चालता शेजारच्या सर्व्हरवर नेता येतं. कसं, ते ताईनं मला आधीच समजावलं होतं.

"आमच्या बाबाले मोठं क्वार्टर भेटलं न, तेव्हा आई शेवटपर्यंत जुन्या घरी सैपाक करून राहिली होती," ती म्हणाली. "आमी भांडे धुऊन, बांधून ठेवू, अन् आई त्यातलं एखादं काढून वापरे. मग ते पुन्हा धुवा, पुन्हा बांधा. हे तसंच हाय."

मशीनच्या मेमरीची पानं पाडलेली असतात. पहिल्या फेरीत सगळ्या पानांची नक्कल पलीकडे जाते. पण तेवढ्या वेळात मशीन चालूच असतं, काही पानांवर नवं लिहिलं जातं, आणि पलीकडची नक्कल जुनी होते. म्हणून प्रत्येक पानामागे एक खूण ठेवतात. पान बदललं की खूण उमटते. ताई त्याला मळलेलं पान म्हणायची. पुढच्या फेरीत फक्त मळलेली पानं न्यायची, खुणा पुसायच्या, पुन्हा बघायचं. मळलेली अगदी थोडी उरली की मशीन डोळ्याची पापणी लवेल इतकं थांबवायचं, उरलेली पानं न्यायची आणि पलीकडे जागं करायचं. दवाखान्यात कोणाला कळतही नाही.

आमच्याकडे रीत होती, बॅकअप घेतल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. त्या दुपारी ताईनं दवाखान्याच्या मशीनमध्ये बॅकअप सुरू केला. तो संपायची वाट बघायला वेळ नव्हता, सर्व्हर तापत चालला होता. "बॅकअप तं फक्त वाचते," ती म्हणाली. "चालू राहू दे." आणि तिनं मशीन हलवायला घेतलं.

पहिली फेरी गेली. उरलेल्या पानांचा आकडा उतरला. दुसऱ्या फेरीत थोडा उतरला. मग तिथंच अडकला. जेवढी पानं पलीकडे जात, तेवढीच मागे पुन्हा मळत.

"एवढं कोण मळवून राहिलं?" ताई स्क्रीनला विचारत होती. मी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत असेन, कारण ती म्हणाली, "मंत्र नको म्हणू बे, पंख्याकडे लक्ष ठेव."

पंख्याचा आवाज बदलला होता. शेवटी तिनं मशीनचा वेग दाबला. मशीन हळू झालं की पानं कमी मळतात, नक्कल त्यांना गाठते. पण हळू झालेल्या मशीनवर पलीकडे माणसं काम करत होती. लगेच फोन आला. नर्स होती.

"भैया, दवाई का पेज नहीं खुल रहा. घरवाले सर पे खड़े हैं."

"बस दो मिनट, दीदी," मी म्हणालो.

"दोन मिनिट कावून सांगतो?" ताई फोनकडे न बघता म्हणाली. "मले तरी मालूम हाय का?"

ती आणखी वेग दाबणार होती. माउसवरचा हात तसाच थांबला. "बॅकअप," ती हळूच म्हणाली. डिस्कवरून जे वाचलं जातं ते मशीन आधी मेमरीत आणून ठेवतं. आम्हाला वाटत होतं ते वाचणं आहे; मेमरीच्या बाजूनं ते लिहिणंच होतं. बॅकअप पुढे सरकत होता आणि एकामागून एक पान मळत होतं. आमची काळजीच आम्हाला आडवी आली होती.

बॅकअप तोडला आणि त्याच मिनिटात पंखा बसला असता, तर हाती काहीच उरलं नसतं. ताईनं तोडला. पुढच्या फेरीत आकडा धडाधड खाली आला. मशीन क्षणभर थांबलं आणि शेजारच्या सर्व्हरवर जागं झालं. जुना सर्व्हर आम्ही आमच्या हातानं बंद केला. ताई पाण्याची बाटली घेऊन बसली, पण तिचं झाकण काही उघडेना. मी उघडून दिली.

संध्याकाळी सेठ आला. दवाखान्याची तक्रार त्याच्यापर्यंत पोचली होती. ताईनं सगळं खरं सांगितलं. मशीन बंद झालंच नाही, हळू झालं. बॅकअप तिनंच चालवला होता. सेठनं ऐकून घेतलं.

"मैडम, उनके लिए तो बंद ही था."

"सेठ, दीदी नहीं हटाती तो मशीन जाता ही," मी म्हणालो.

"तू अपना देख."

ताईला त्या महिन्याचा पगार मिळाला आणि सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस येईल. तो आला, मला त्याच्या हाताखाली ठेवलं. चांगला आहे, कमी बोलतो.

ताई हैदराबादला आहे. मी कॅम्प-1 वस्तीतल्या माझ्या खोलीतून सकाळी आधी सेक्टर 2 ला जातो, मग कामावर. तिचे बाबा दार उघडून "जय भीम, ये" म्हणतात. आम्ही दोघं चादर धरून आजींना, म्हणजे ताईच्या आईला, कुशीवर वळवतो. धुणंपुसणं करणारी बाई नंतर येते. ताईनं हे काम मला सांगितलं नव्हतं. मीच जायला लागलो, आणि कधी चुकलो तर दिवसभर काही सुचत नाही.

आजींच्या पाठीला जखम झाली आहे. सकाळी एकदा वळवून भागत नाही, दिवसभर कोणीतरी लागतं. बाबा म्हणतात, "पोरीले नको सांगू. नोकरी सोडून येईन अन् मंग खाऊ काय?"

रविवारी ताईचा फोन येतो. ती आधी आईचं विचारते, मग सर्व्हरचं. सर्व्हरचं मी खरं सांगतो.