पंख दुमडणारं विमान

आमचे आप्पा पक्के चहाबाज. जिंतूरच्या स्टँडवर एसटी सुटायला लागली तरी हातातला चहा ते अर्धा टाकायचे नाहीत. त्यांनी चहा सोडला तो माझ्यापायी. याचा मला आधी अभिमान वाटला, मग राग यायला लागला.

मी दूरच्या शहरात विमानांच्या आराखड्यांचं काम करायचे. नौदलासाठी एक लढाऊ विमान व्हायचं होतं. जहाजावर जागा कमी, म्हणून त्याचे पंख मधून वर दुमडायचे. त्या दुमडीची बिजागरी माझ्याकडे होती. आप्पांनी समुद्र कधी पाहिलेला नाही, पण येईल त्याला ते घराचं दार हलवून माझं काम समजावून सांगायचे. मग एक दिवस पोखर्णीला जाऊन नरसिंहाला परस्पर बोलून आले, "लेकीचं विमान उडेस्तोर चहा न्हाई." आई म्हणाली, "नवस ह्यांचा, अन् सकाळी फुगलेलं तोंड बघायचं मी."

काही वर्षांनी वरून निर्णय आला. हे विमान नको, आता दोन इंजिनांचं मोठं करायचं. आमचे आराखडे कपाटात गेले आणि मला दुसरं काम मिळालं. तरी डोळे मिटले की आमचंच विमान जहाजावर उतरताना दिसायचं, पंख दुमडून घेताना दिसायचं. आप्पा फोनवर विचारायचे, "कुठवर आलंय?" मी म्हणायचे, "चालू हाय." असं सफाईदार खोटं मी शाळेतही बोलले नव्हते.

यंदा गावी गेले. आई चहा पीत होती आणि आप्पा मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसले होते. ती म्हातारी पाठ बघून मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "देव रागावणार न्हाई. आता घ्या चहा."

आप्पा माझ्याकडे वळून बसले. मग म्हणाले, "नवीन बांधायलेत त्यात तुझी बिजागरी हाय का?"

"न्हाई आप्पा. ते दुसरी माणसं करायलेत."

"मग टाक माय चहा. साखर जरा जास्त."

मी ठेवलेला चहा उकळेपर्यंत सारखं वाटत होतं, त्यांनी हाक मारून नको म्हणावं. हट्ट धरावा, माझ्यावर चिडावं. हाक आली नाही. ते विमान अजून व्हायचंय असं मानणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि त्याच्या हातात कप मीच नेऊन दिला.