बुईचं उघडं दार

बुई लानिआना म्हणजे अख्ख्या बेटाची आजी. जन्मात कधी दार लावून जेवली नाही. सिडनीला लेकीकडे निघाली, तेव्हा वाटेत नांदी विमानतळाजवळच्या हॉटेलात रात्र काढायची वेळ आली. तिथंही तिनं खोलीचं दार सताड उघडलं, चटईवर उकडलेली अळकुडी नि मासा मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका सुरू केल्या, "या, जेवायला या!"

टाय लावलेला मॅनेजर सेमी धावत आला. "बुई, दार लाव गं. समोरच्या साहेबांनी तक्रार केलीय."

"दार लावून खायला मी काय चोरून आणलंय? आणि त्या साहेबाला आण इकडं. पोटात काही नसलं की माणूस असाच चिडतो. तू तरी जेवलास का रे?"

सेमी साहेबांना बोलवायला गेला खरा, पण जाताना बूट बुईच्या दारातच काढून गेला.