भिंतीपलीकडच्या बाई

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. रस्त्यातलं उतरवून टाकलेलं लिंबू सरळ ओलांडून जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

गेल्या वर्षीची गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही नुकतंच भाड्याने घर घेतलं होतं. माझी भाची ऋतुजा आजऱ्याहून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आली, ती माझ्याकडेच राहिली. बारावीपर्यंत पाठांतरावर निभावलेलं. इथे मेकॅनिक्सच्या पहिल्याच टेस्टमध्ये नापास. पोरीने बॅग भरली.

"मावशी, मला न्हाय जमायचं. मी जाते घरला."

"जा की. पण आधी त्या पुस्तकातलं एक पान मला समजावून सांग."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ती बोलती व्हावी, एवढंच मनात होतं.

संध्याकाळी गच्चीवर बसलो. तिने 'मोमेंट'ची व्याख्या घडाघडा म्हटली. तेवढ्यात शेजारच्या उंच भिंतीपलीकडून एका बाईंचा आवाज आला — "पाठ केलंयस. कळलंय ते सांग. दाराची कडी बिजागरीपासनं लांब का लावत्यात?"

ऋतुजा मग उठली, जिन्याचं दार एकदा बिजागरीजवळ ढकललं, एकदा कडीपाशी... आणि हसायलाच लागली. "अगं, लांबनं ढकललं की कमी जोरात फिरतंय, हेच की मोमेंट."

मी विचारलं, "कोण म्हणायचं आपण?"

"आधी तिचं होऊ दे," पलीकडून उत्तर.

बॅग रिकामी झाली. मग रोजचंच झालं — ऋतुजा समजावणार, बाई अडवणार, मी शेंगा सोलत दोघींची जुगलबंदी ऐकणार. शेजारची सून असेल, असंच धरून चालले होते.

सेमिस्टरला पोरगी सगळ्या विषयांत सुटली. पेढे घेऊन शेजारी गेलो. घरात नाना आणि काकू, म्हातारी दोघंच. बाईंना भेटायचंय म्हटल्यावर नाना गोंधळले.

"आमच्याकडं कुठली बाई? तुमच्याकडंच शिकवाय येत्यात न्हवं? आमची ही रोज खिडकीत बसून ऐकती. नातीला शिकवशीला का, इचारणारच हुतो त्यास्नी."

मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. भिंतीपलीकडे गच्चीच नव्हती — नुसता उतरता पत्रा. त्यावर माणूस उभं राहणंच शक्य नाही.

आम्ही परत आत आलो. काकूंनीच पुडा उघडला आणि म्हणाल्या, "कोण का असंना, पोरगी पास झाली न्हवं? पेढा घ्या." आणि सगळेच हसत सुटलो.

टीव्ही, मोबाईल, कुणाची चेष्टा... सगळं ताडून बघितलं, एकही बसत नाही. भीती मात्र एकदाही वाटली नाही. त्यानंतर आवाज आला नाही. ऋतुजा अजून मोठ्यानेच अभ्यास करते, आणि मध्येच थांबते... कुणी अडवतंय का ते बघायला.