रुळालगतच्या चपला

माझा स्वभाव भांडकुदळ. माणसांशी तसाच देवाशीही. त्या वर्षी तर मी देवाशी बोलणंच टाकलं होतं. केडगावजवळ रुळावर आमचे मालक गेले आणि लोकांनी 'जीव दिला' म्हणून ठरवून टाकलं. ते कामाला होते ती कंपनी बंद पडल्यापासून गप्पगप्प असायचे, हे खरं. त्यात चपला रुळालगत शेजारी-शेजारी काढलेल्या सापडल्या. पंचनाम्याला आलेला हवालदार भला होता, खाली बघत म्हणाला, "वहिनी, अपघातातला माणूस चपला काढून ठेवतो का?" देवानं यांना नेलं, की हे मला टाकून गेले? हा एकच किडा डोकं पोखरत राहिला.

उन्हाळ्यात एका सकाळी अगदीच सोसेना. रुळापलीकडच्या लक्ष्मीआईच्या देवळात गेले आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, खरं काय ते सांग, नाहीतर तुझं तोंड बघायची नाही!" आणि तिथंच रडत बसले.

नारळ घेऊन आलेली एक अनोळखी बाई शेजारी टेकली. ऊसतोडीहून कालच परतली होती.

"रडू नको बाई. मी बी एकाच्या नावानं नारळ बोलले हुते. आमी तोडीला निघालो त्या सकाळी एक दादा गाडीखाली गेला, माज्या डोळ्यांदेखत. रोज रुळाच्या त्या चढावर यायचा. तिथनंच आईचा झेंडा दिसतो ना. चपला काढून हात जोडायचा. त्या दिशी बी जोडले, अन् मागं वळून चपला घालाया वाकला. वारा उलटा हुता. इंजिन आलेलं त्याला कळलंच न्हाई. मी लई वरडले गं."

माझा विश्वास बसेना. हे आणि नमस्कार! घरी मी दिवा लावला की "तुझ्या आईला सांग, मला नोकरी लावून दे" म्हणून चिडवायचे. लपवलं की हो माझ्यापासून!

"जीव दिला म्हणतात," मी कसंबसं म्हटलं.

"अगं बया! जीव द्यायला आलेला मानूस चपला घालाया वाकतो व्हय?"

मी तिच्या गळ्यातच पडले. मी कोण, हे तिला तेव्हा कळलं. त्याच दुपारी ती माझ्याबरोबर हवालदाराकडे आली आणि पाहिलेलं सगळं सांगून गेली.

त्यांना का नेलंस, हे मी आईला आता विचारत नाही. मला पेलेल तेवढं तिनं सांगितलं, बाकीचं तिच्यापाशी राहू दे. भांडण मिटलंय आमचं. रोज त्या चढावर जाते, आधी दोन्हीकडं नीट बघते, मग चपला काढून हात जोडते. आणि चपला घालून घरी येते.