साक्कोट्टैच्या वळणावरचा ट्रक

सर्वांत अवघड गुन्हा कोणता, असे लोक मला निवृत्तीनंतर विचारतात. अवघड गुन्हे मी विसरलो. आठवते ती सर्वांत चीड आणणारी घटना, आणि आजही ती आठवली की हातातला चहा गार होतो.

मी तमिळनाडूत कुंभकोणमला पोलीस निरीक्षक होतो. दुपारी खबर आली, की जवळच्या साक्कोट्टै गावाच्या वळणावर उसाचा ट्रक गर्रकन आडवा फिरला आणि सायकलवरचा शहाळेवाला त्याखाली सापडला. आम्ही पोहोचेपर्यंत तो गेलेला होता. ट्रक लष्कराच्या लिलावातला, फोर व्हील ड्राइव्ह. चिखलाच्या शेतातून ऊस बाहेर काढायला मालकाने घेतलेला. चालक पळाला नव्हता, रस्त्याच्या कडेला डोके धरून बसला होता. पंचनामा केला, ट्रक क्रेनने ठाण्याच्या आवारात आणवला, चालकाला अटक केली.

चौकशीत त्याचे एकच पालुपद होते. “चूक माझी, अय्या. वेग फार होता.”

आरोपी आपणहून कबूल झाला की ठाण्यात सगळे खूश होतात. मला ते पटेना. रस्त्यावर घासल्याच्या खुणा फक्त मागच्या चाकांच्या होत्या. करकचून ब्रेक दाबला असता तर पुढच्याही उमटल्या असत्या. वेग किती, असे विचारले तर तो कधी साठ म्हणे, कधी ऐंशी. उसाने लादलेला तो म्हातारा ट्रक ऐंशीने धावणे शक्यच नव्हते.

तिसऱ्या दिवशी वळणावरची चहावाली स्वतःहून ठाण्यात आली. म्हणाली, “सार, तो ट्रक पंधरा दिवस मागच्या बाजूने ओरडत जात होता. त्या दिवशी तो आवाज एकदम तुटला आणि गाडी फिरली.”

मागच्या चाकांच्या मधोमध गियरचा गोळा असतो, तो डिफरन्शियल. त्यात तेल कमी झाले की तो असा ओरडतो. मी उपनिरीक्षकाला तपासायला सांगितले. त्याने प्लग काढून बोट घातले आणि म्हणाला, “तेल काठोकाठ आहे, सार.” झाले. त्याच्या दृष्टीने तपास संपला.

मी लष्करी गाड्यांवर आयुष्य काढलेल्या एका वृद्ध मिस्त्रीला बोलावले. माझ्यासारखाच घरात तंजावरी मराठी बोलणारा. त्याने तेल काढले, गोळा उघडला आणि मला खाली वाकायला लावले.

“हे पाहा. तेल मधासारखं स्वच्छ. आणि दात? निळे पडलेत. बेरिंग जळून चिकटलंय, म्हणून चाकं जाम झाली. तेल असतं तर हे जळतं का? आधी जळलं, मग कोणीतरी तेल ओतलं.”

“केव्हा ओतलं?”

“ते मला काय पुसता? गाडी तुमच्या आवारात आहे.”

माझे कान तापले. पहाऱ्यावरच्या शिपायाला बोलावले. तो निरागसपणे म्हणाला, “मालकाचा माणूस आला होता, सार. ताडपत्री सोडवून न्यायची म्हणाला. मी जेवत होतो. म्हटलं, ने.” स्टेशन डायरीत नोंद नाही. ट्रकला सील नाही. मुद्देमालात फेरफार झाला तो माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर.

संध्याकाळी ते जळके बेरिंग मी चालकासमोर ठेवले. त्याने ते हातात घेऊन फिरवले आणि तो बोलू लागला.

“मालकाला तीनदा सांगितलं, अय्या. गोळ्याच्या ऑइल सीलमधून तेल गळतंय, गाडी ओरडतेय. ते म्हणाले, ऊस संपू दे, मग बघू. मी त्यांच्याच घरात राहतो. दोन मुली इथल्या शाळेत आहेत. खरं सांगून जाऊ कुठे?”

“अरे, मग स्वतः एक डबा तेल ओतायचंस!”

“मालकाच्या गाडीला न विचारता हात कसा लावू?”

या उत्तरावर त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि पोटभर जेवूही घालावेसे वाटले. दोन्ही केले नाही. जबाब लिहून घेतला.

शिपायाने मालकाचा माणूस ओळखला. त्या माणसाने अर्ध्या तासात मालकाचे नाव सांगितले. मालकावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणे आणि पुरावा नष्ट करणे, दोन्ही कलमे लागली. चालकाचे नाव मात्र आरोपपत्रातून काढता आले नाही. गाडी धोक्याची आहे हे ठाऊक असून त्याने ती चालवली होती. शिपाई निलंबित झाला. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता.

खोटे बोलणारा नेहमी स्वतःची कातडी वाचवत नसतो, पुष्कळदा तो डोक्यावरचे छप्पर वाचवत असतो, हे मी या प्रकरणात शिकलो. त्यानंतर आयती कबुली मिळाली की मी जास्तच चिडू लागलो. जप्त गाडीला सील लावायला मी स्वतः उभा राहू लागलो.

पण एवढ्याने हिशेब मिटला असे वाटत नाही. आरोपपत्रानंतर शहाळेवाल्याची बायको त्याची वाकलेली सायकल न्यायला आली. पावतीवर अंगठा उठवून तिने विचारले, “ते तेल घालायला किती वेळ लागतो, अय्या?”

“पंधरा मिनिटं.”

“मग कुणीच का नाही घातलं?”

याची कारणे मी आरोपपत्रात चार पाने भरून लिहिली होती. मी तिची वाकलेली सायकल उचलली आणि फाटकापर्यंत नेऊन दिली.