मास्तरांचं बिझनेस कॅज्युअल

मानवतला धान्याच्या मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या टेलर मास्तरांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात शिरलेल्या माणसाला पहिला प्रश्न कधीच मापाचा नसे. टेप गळ्यात तसाच लोंबत राही. मास्तर चष्म्यावरून एकदा खालपासून वरपर्यंत बघत आणि विचारत, "काम काय करता?" नवीन गिऱ्हाईक गोंधळून जाई. अहो, पँट शिवायला आलोय, मुलगी मागायला नाही! पण उत्तर दिल्याशिवाय तो टेप काही गळ्यातून निघत नसे.

एस.टी.च्या कंडक्टरला ते खिसा हातभर खोल देत. गुरुजींच्या शर्टाला उंची चार बोटं जास्तीची, कारण "फळ्याच्या वरच्या ओळीला हात गेला की शर्ट पँटीतून बाहेर येतो अन् पोरं खिदळतेत." शेतकऱ्याचा पायजमा असा सैल की माणूस दिवसभर उकिडवा बसला तरी कुठं टर्रकन आवाज येऊ नये. "कपडा अंगाला कुणीबी बसवतंय. कामाला बसला पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना हातातला खडू कानामागं जाई आणि दोन मिनिटांनी मास्तर तोच खडू सगळ्या दुकानात शोधत फिरत.

त्यांची दुसरी सवय म्हणजे ज्याचं माप घ्यायचं त्याला अरे-तुरे करायचं नाही. पाच वर्षांचा असताना वडिलांचं बोट धरून मी चड्डीचं माप द्यायला गेलो होतो, तेव्हाही मला म्हणाले होते, "पोट आत घेऊ नका. हाय तेवढं दाखवा." घरात उठता-बसता "ए गधड्या" ऐकणाऱ्या माझ्यासारख्या पोराला ते इतकं आवडलं की पुढं महिनाभर मी चड्डी फाटायची वाट बघत होतो.

आता माझी फजिती सांगतो. शिक्षण संपलं आणि पुण्यातल्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मी चुलतभावाच्या लग्नात घेतलेला चकाकता कोट घालून गेलो. आमच्याकडं चांगले कपडे म्हणजे लग्नातले कपडे, त्याच्या अलीकडं-पलीकडं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. टेबलापलीकडच्या बाईंनी अगदी आस्थेनं विचारलं, "कुठल्या समारंभातून थेट आलात का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही मॅडम, समारंभ मार्गशीर्षातच झाला." टेबलापलीकडचे तिघंही हसले. नोकरी तर गेलीच, पण ते हसणं माझ्यासोबत गाडीत बसून मानवतपर्यंत आलं.

पुढं दुसऱ्या एका कंपनीनं फोनवरच मुलाखत घेऊन मला निवडलं. सहा महिने पारखणार, मग कायम करणार. पत्राच्या शेवटी एक ओळ होती, पोशाख बिझनेस कॅज्युअल असावा. मी मोबाइलवर फोटो शोधले. त्यात एक दाढीवाला माणूस होता, पँट घोट्याच्या वर आणि पायात मोजे नाहीत. वडिलांनी फोटो निरखला आणि म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, अन् ह्याला पुरतं कापड न्हाई दिलं?"

आईनं संदूक उघडली. त्यात लग्नकार्यात आहेर म्हणून आलेल्या पँटपीस-शर्टपीसांचे डबे रचलेले होते. असे पीस आपल्याकडं कुणी शिवत नाही. एका लग्नातून येतात, दुसऱ्या लग्नात जातात. मी त्यातले पाच जोड पिशवीत घातले आणि मास्तरांकडं गेलो.

"काम काय करता?"

"अजून करत नाही मास्तर, करणार आहे. खुर्चीत बसून कम्प्युटरवर."

"उठायचं कवा?"

"चहाला."

"वाकायचं? उन्हात जायचं? वझं उचलायचं?"

"काहीच नाही. वर गार हवा सोडतात."

"लय अवघड काम हाय," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

मग मी बिझनेस कॅज्युअलचं सांगितलं. कोट चालत नाही, पण घरातले कपडेही चालत नाहीत, एवढंच मला कळलंय म्हणालो. मास्तरांचा मशीनवरचा पाय थांबला. खडू कानामागं गेला. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

"म्हंजी सोयरिकीला गेलेल्या मामाचे कपडे!" ते म्हणाले. "बगा, पोरीकडं बोलणी करायला मामा जातो का न्हाई? मामाच नवरदेवावानी नटला तर लोक हसतेत. अन् शेतातून तसाच उठून गेला तर पोरगी देत न्हाईत. मामाकडं बघून घर बरं हाय असं वाटलं पायजे, पण नजर मामावर थांबली न्हाई पायजे. हेच का न्हाई?"

तेव्हापासून आजवर पोशाखाच्या नियमांची कितीतरी परिपत्रकं मी वाचली. पानं दोन-दोन, चित्रांसकट. मामाच्या पुढं एकही गेलेलं नाही.

मास्तरांनी डबे उघडले. तांबूस चौकडा बाजूला काढला, "हा मामा न्हाई, बँडवाला हाय." मग एक बिस्किटी रंगाचा पीस हातात घेऊन त्यांनी ओळखीचं माणूस भेटावं तसा उलटसुलट केला. "हा पीस चौथ्यांदा बघायलोय मी. दरवेळी कुणीतरी आणतंय, शिलाई इचारतंय, अन् आहेरात देऊन टाकतंय. आता बास. ह्याची फिरती तुमच्यावर संपवू."

मी हळूच म्हणालो, "मास्तर, सध्या दोनच जोड शिवा. सहा महिने टिकलो तर बाकीचे बघू."

"टिकता कामून न्हाई?"

आणि मग मी त्यांना ते समारंभाचं सगळं सांगितलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या हसण्याची मला इतकी धास्ती बसली होती की नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी कुणी तसं हसलं तर मी दुसऱ्या दिवशी जाणार नव्हतो, हे माझं मनातल्या मनात ठरलेलं होतं. मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, कंबर मोजली आणि वहीत आकडा टाकला.

आठ दिवसांनी गेलो तर बँडवाल्याच्या जागी स्वतःच्या कपाटातला एक पीस घालून पाचही जोड शिवून तयार! घडी उलगडून बघतो तर प्रत्येक पँटीला मागच्या शिवणीत तीन बोटं कापड आत दुमडून सोडलेलं. मी म्हणालो, "मास्तर, एवढं कापड आत कशाला कोंबलं?"

"खुर्चीची नोकरी हाय. पाच-सात वर्सांत पोट सुटणार. तवा शिवण उसवायला या."

मी सहा महिन्यांची भीती घेऊन हिंडत होतो आणि हा माणूस माझ्या सातव्या वर्षाच्या पोटाची सोय करून बसला होता. दुकानातच डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पुण्यात गेल्यावर कळलं की मास्तरांनी प्रत्येक पँटीच्या पट्ट्याच्या आत एक चोरखिसाही शिवलाय. शहरात खिसेकापू फार, म्हणून. कंपनीनं मला दार उघडायचं कार्ड दिलं. हरवेल म्हणून मी ते चोरखिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दारातल्या यंत्रापुढं आलो, मागं लोकांची रांग. आता भर रांगेत पट्टा कसा सोडायचा? शेवटी कंबरच यंत्राला टेकवली. टुक्क झालं आणि दार उघडलं! मागचे सगळे हसले. मी घाबरून वळलो, तर रांगेतला एकजण म्हणाला, "च्यायला, हे भारी आहे! कुठल्या ब्रँडची पँट रे?" मीही हसलो. त्या दिवसानंतर ते जुनं हसणं कधी ऐकू आलं नाही.

तो रांगेतला माणूस पुढं माझा जिवलग मित्र झाला आणि मास्तरांचा गिऱ्हाईकही. मी फोन केला तेव्हा पलीकडून प्रश्न आलाच, "काम काय करतेत?" म्हटलं, माझंच. "मग माप तेवढं कळवा. चोरखिसा मी टाकतोच."

पोट अर्थातच सुटलं. मास्तरांचा अंदाज चुकायचा नाहीच. मी दोनदा मानवतला जाऊन एकेक बोट उसवून आणलं. तोवर आजूबाजूला रेडिमेडची दुकानं झाली होती आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मुलगी-जावई येलदरीला, धरणाजवळ राहायला. त्यांनी मास्तरांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं, असं वडिलांनी कळवलं. मी ती बिस्किटी पँट घेतली आणि निघालो.

दुकान रिकामं झालं होतं. मशीन सुतळीनं बांधलेलं, भिंतीवर फक्त आरसा. सुईत दोरा मी ओवून दिला. मास्तरांनी बोटांनी चाचपत शिवण उसवली आणि उरलेलं शेवटचं बोट बाहेर काढलं. बाहेरची पँट धुऊन धुऊन पांढुरकी झालेली, आणि आतली पट्टी अजून पहिल्या दिवसासारखी बिस्किटी.

"कोरं हाय का आतलं?" त्यांनी विचारलं.

"एकदम कोरं हाय मास्तर. बाहेरचंच घालून घालून विटलं."

"म्हंजी टिकलात."

त्यांनी हातशिलाई घातली, दोरा दातानं तोडला, पँटीची घडी करून माझ्या हातात दिली आणि माझ्या पोटावर एक हलकी चापटी मारली.

"आता आत कापड न्हाई," ते म्हणाले. "इथून पुढं तुझं पोट तूच सांभाळ, बाबा."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ते मला 'तू' म्हणाले. मी म्हणालो, "मास्तर, गिऱ्हाईक राहिलो न्हाई का मी?"

"दुकानच न्हाई तर गिऱ्हाईक कुठलं," मास्तर म्हणाले, आणि सवयीनं खडू शोधायला लागले. खडू कानामागंच होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला.